पाच फुटी स्लॅशर का गेला, चार फुटी का आला

आधी नावाचा घोळ मिटवतो. मुरबाड-शहापूरकडे अवजारांच्या कुठल्याही दुकानात जाऊन "रोटरी कटर दाखवा" म्हणा, समोरचा माणूस तुम्हाला रोटाव्हेटरपाशी नेऊन उभा करणार, कारण इकडे रोटर म्हणजे रोटाव्हेटर, विषय संपला. दोन्ही ट्रॅक्टरच्या मागे लागतात, दोन्ही पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालतात, पण एक माती उकरतो आणि दुसरा मातीला न शिवता वरचं गवत, झुडपं, कोवळी खोडं हाणत जातो. आपला विषय हा दुसरा. इकडे त्याला स्लॅशर म्हणतात, काही ठिकाणी श्रब मास्टर, आणि अमेरिकेत सरसकट बुश हॉग, जे खरं तर अलाबामातल्या सेल्मा गावच्या एका कंपनीचं नाव, १९५१ पासूनचं, पण आपल्याकडे माती उकरणारं पिवळं काहीही दिसलं की जेसीबी, तसं तिकडे झालंय. मी पुढे स्लॅशरच लिहितोय.

मी ऐरोलीला राहतो, ठाणे-बेलापूर रोडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मशीन का बसलं ते शोधायचं, फॉर्म भरायचा, तेच मशीन त्याच कारणाने परत बसलं की बोलणी खायची, हे रोजचं काम. शेतीतलं मला काडीचं कळत नाही असं मामा म्हणतो आणि ते खरंय. पण गिअरबॉक्स कळतो. म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरात मामाचा फोन आला, "अरं तुझ्या लायनीतलं काम हाय, रविवारी ये", आणि मी निघालो. शीळफाटा, कल्याण, मुरबाड करत तीन तास, त्यातला एक तास शीळफाट्यालाच.

जागा, गवत, ट्रॅक्टर

टोकावड्याच्या अलीकडे डोंगराच्या उताराला मामाची नऊ एकर. त्यातल्या साडेसहा एकरात २०१९ ला लावलेला केसर आंबा आणि कडेने काजू, झाडं २० बाय २० फुटांवर. वरचा अडीच एकर नुसता माळ, तिथलं गवत मामा दरवर्षी गवतवाल्याला उभंच विकतो, तोच माणसं आणून कापून नेतो. बागेचा खालचा भाग म्हणजे जुनी भातखाचरं, आंबा लावताना बांध काढायचे राहिले ते राहिलेच. जमीन काळ्या दगडाची, पावसाळ्यात माती धुपली की नवे दगड वर येतात, जणू पेरलेत. आणि वारुळं. गवत डोक्याएवढं झालं की वारूळ दिसत नाही.

गवत कापायची घाई कशाला, तर वणवा. २०२३ च्या फेब्रुवारीत शेजारच्या रानातून आग आली आणि साठ-सत्तर झाडं होरपळली. कोणी लावली, कशी लागली, कोणी सांगत नाही. ज्याने डिसेंबरातलं वाळलेलं कुसळी गवत पेटताना बघितलंय त्याला सांगायला नको, वारा असला की माणूस पळून आगीच्या पुढे जाऊ शकत नाही. तोपर्यंत मामा दोन गडी आणि दोन ब्रश कटर लावून गवत काढायचा, बारा-तेरा दिवस जायचे आणि शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत पहिल्या ओळीत परत गुडघ्याएवढं. त्यात रानमोडी आणि घाणेरीची जाळी, तिथे ब्रश कटरची नायलॉनची दोरी पाच मिनिटं टिकत नाही.

ट्रॅक्टर २४ एचपीचा मिनी, फोर व्हील ड्राइव्ह, सिंगल क्लच. हे सिंगल क्लच लक्षात ठेवा. पत्रकावर पीटीओला मिळणारी ताकद २२ एचपी. इंजिनाचा आकडा आणि पीटीओचा आकडा कधीच सारखा नसतो, मधे थोडी ताकद गळतेच, आणि स्लॅशर चालतो पीटीओच्या आकड्यावर. दुकानात मात्र सगळे इंजिनाचाच आकडा विचारतात.

तर वणव्यानंतर मामाने त्याच सप्टेंबरात एका फार्महाऊसवाल्याकडून पाच फुटी सेकंड हँड स्लॅशर उचलला. हिशोब साधा, पाच फूट म्हणजे कमी फेऱ्या, आणि भाव चांगला. तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी सकाळी आतून गाडगं फुटल्यासारखा आवाज आला आणि पाती थांबली.

गिअरबॉक्स उघडल्यावर

मुरबाडहून मिस्त्री आला होता, त्याने खाली डालड्याचा डबा लावून ऑइल सोडलं. ९० नंबरचं ऑइल मधासारखं पडायला पाहिजे, हे काळंकुट्ट आणि त्यात चमकी. कव्हर काढलं तर पिनियनचे, म्हणजे आतल्या छोट्या दातेरी चाकाचे, तीन दात गायब, डब्याच्या तळाला सापडले. मी एक दात पुसून उन्हात धरला. तुटलेली बाजू खडीसाखरेसारखी, कणीदार, चकचकीत. दात हळूहळू थकून तुटतो तेव्हा तुटलेल्या भागात आधी गुळगुळीत पट्टा दिसतो, समुद्राच्या वाळूत लाटांच्या रेघा राहतात तशा रेघा असतात. इथे तसलं काही नाही. एका फटक्यात गेलेला दात.

मग मी पीटीओ शाफ्टकडे वळलो. स्लॅशरच्या बाजूला शाफ्टमधून आरपार एक बोल्ट असतो, शिअर बोल्ट. पाती दगडाला अडली तर हा बोल्ट तुटावा आणि मागचं सगळं वाचावं एवढंच त्याचं काम, म्हणून तो मुद्दाम मऊ ग्रेडचा असतो. इथला बोल्ट चांगला धडधाकट होता. डोक्यावरची माती अंगठ्याने पुसली तर आकडा ८.८. हाय टेन्साइल, म्हणजे सहजी न तुटणारा.

"मामा, हा कोणी टाकला?"

"मीच. अरं तो सारखा तुटायचा, पैल्या दिवशी चार तुटले. किती वेळा खाली उतरायचं? म्हटलं दमदार टाकू."

घरातला फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाडी तार घालणारी माणसं असतात ना, तसलंच. मिस्त्री हसला, म्हणाला साहेब दहातले आठ असेच येतात माझ्याकडे.

कारखान्यात असतो तर इथेच फॉर्म बंद केला असता, कारण चुकीचा बोल्ट, उपाय बरोबर बोल्ट, सही. पण मग एका दिवसात चार बोल्ट का तुटले याचं उत्तर मिळत नाही, आणि ते मिळालं नाही तर मामा सहा महिन्यांनी परत दमदार टाकणार हे मला माहीत होतं. म्हणून चहा घेऊन मामेभावाला बाजूला घेतलं, कारण चालवतो तो.

हळूहळू एकेक निघालं. एक तर तो डिझेल वाचवायला इंजिन बाराशे-तेराशे आरपीएमवर ठेवून चालवायचा. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरायला त्या ट्रॅक्टरचं इंजिन बऱ्यापैकी वर लागतं, तेवढं दिलं नाही की पात्याचा वेग पडतो, गवत कापलं जात नाही, लोळतं आणि गुंडाळतं, आणि दगड आला तर पात्यात तो फेकून द्यायची ताकद नसते, ते अडतं. दुसरं, पीटीओ चालू करताना मात्र उलट, इंजिन वर नेऊन फाटकन क्लच सोडायचा, म्हणजे पाच फुटांचं सगळं लोखंड एका झटक्यात फिरायला पाहिजे. अर्धे बोल्ट तिथेच गेले असणार, दगड-बिगड काही नाही. तिसरं, गवत मुळापासून निघावं म्हणून मामाने उंची दोन इंचांवर बसवलेली, त्या दगडांच्या जमिनीत. आणि चौथं, टॉप लिंकचा, म्हणजे स्लॅशरला वरून ट्रॅक्टरला धरणाऱ्या दांड्याचा, जोड गंजून घट्ट बसलेला. स्लॅशरला तो जोड हलता लागतो, कारण बांध ओलांडताना स्लॅशरची मागची बाजू आपली आपण वर-खाली झाली पाहिजे, जोड घट्ट असला की पुढची कड जमिनीत घुसू शकते. त्याच्या पुढच्या पट्टीला पाच-सहा ठिकाणी बांधाची वाळलेली लाल माती होतीच, विचारायचीही गरज नव्हती.

आणि ताकद. हलक्या-मध्यम कामाला फुटामागे पीटीओचे पाच एचपी असा ढोबळ हिशोब धरतात. पाच फुटांना २५, आपल्याकडे २२. चार फुटांना २०. सुक्या पातळ गवतात २२ मधे पाच फूट ओढलं जाईल, ओल्या सप्टेंबरातल्या गवतात आणि रानमोडीत नाही. बारा टक्के तूट, बघायला किरकोळ वाटते, पण ती तूट नेमकी दाट जागी येते.

मामेभावाने लपवलेली गोष्ट

पंपाच्या खोलीमागे आल्यावर तो म्हणाला, "बाबांना सांगू नको हां." तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खालच्या खाचरात बांधापाशी त्याने थांबायला क्लच दाबला आणि ट्रॅक्टर थांबलाच नाही. ढकलल्यासारखा चालत राहिला, पाच-सहा फूट, पुढचं एक चाक बांधावरून अधांतरी आलं तेव्हा ब्रेकवर उभा राहिल्यावर थांबला. पलीकडे साडेतीन फुटांचा खड्डा. त्याला वाटलं क्लच प्लेट गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लच एकदम व्यवस्थित.

क्लचचा दोष नव्हताच. सिंगल क्लच ट्रॅक्टरमधे क्लच दाबला की इंजिनाशी जोड सुटतो, पण पीटीओ आणि चाकं मागच्या बाजूला एकमेकांना जोडलेलीच राहतात. स्लॅशरची पाती आणि ती उपड्या परातीसारखी ताटली, हे सगळं वेगाने फिरत असतं, म्हणजे मोठं फ्लायव्हीलच. इंजिन सुटलं तरी हे फिरणारं लोखंड उलट्या दिशेने पीटीओतून गिअरमधे आणि गिअरमधून चाकात ताकद घालत राहतं. रोटाव्हेटरला हे होत नाही कारण तो मातीत रुतलेला असतो, लगेच थांबतो. म्हणून वर्षानुवर्षं रोटर चालवलेल्या माणसालाही स्लॅशरचा हा गुण कळत नाही, पहिल्यांदा कळतो तो बांधाच्या कडेलाच.

यावर उपाय म्हणजे ओव्हररनिंग क्लच, पीटीओवर बसवायचा छोटा जोड, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा. पुढून ताकद जाते, मागून येत नाही. पीटीओचा शाफ्ट एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच, सहा खाचांचा, हे माप सगळीकडे चालतं त्यामुळे मिळायला त्रास नाही. फक्त तो बसवला की तीन-साडेतीन इंच लांबी वाढते आणि मिनी ट्रॅक्टरमधे मुळातच अंतर कमी, म्हणून शाफ्ट कापावा लागतो, ते पुढे येईल.

मामाला मी ही गोष्ट सांगितली नाही. पण पुढच्या बोलण्यात ओव्हररनिंग क्लचवर अडून बसलो, आणि मामा म्हणत राहिला एवढ्याशा वस्तूचे एवढे पैसे? मामेभाऊ खाली बघत बसला होता.

वजनकाट्यावर

नवा घ्यायचा हे ठरलं, जुन्याला नवीन गिअरबॉक्स घालायचा खर्च त्याच्या किमतीच्या निम्म्याच्या वर जात होता. मामा अजून पाच फुटावरच. दुकानवालाही म्हणे, चार फूट कोणी नेत नाही काका, पडून राहतो. आता मामाला एचपीचं गणित सांगून उपयोग नाही, एचपी डोळ्याला दिसत नाही. मामेभाऊ मधे सहज बोलून गेला होता की चढावर स्लॅशर उचलला की स्टेअरिंग हलकं लागतं. ते माझ्या डोक्यात राहिलं.

मुरबाड रोडला एक वजनकाटा आहे, खडीचे डंपर येतात तो. तिथे ट्रॅक्टर नेला, मामेभाऊ सीटवर. पूर्ण वजन १०६० किलो. मग फक्त पुढची चाकं काट्यावर, ४३०. काटावाला म्हणाला गाडी विकायची का? मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत अंतर दीड मीटर, टेपने मोजलं. पाच फुटी स्लॅशर २७० किलोचा, त्याचं वजन मागच्या ॲक्सलच्या साधारण सव्वा मीटर मागे पडतं. सी-सॉचं गणित, २७० गुणिले १.२५ भागिले १.५, म्हणजे उचलला की पुढच्या चाकांवरून २२५ किलो उडतात. उरतात २०५, एकूण १३३० मधले. पंधरा टक्के. पुढच्या चाकांवर निदान वीस टक्के तरी पाहिजेत असा नियम धरतात, आणि हे सपाटीवर, आमचा सगळा उतार.

चार फुटी १९० किलोचा, आखूड असल्यामुळे वजन १.०५ मीटरवर. पुढून उडतात १३३, उरतात २९७, म्हणजे चोवीस टक्के. बिलाच्या मागच्या बाजूला हे लिहून मामाला दाखवलं. मामा गणित बघत नव्हता, काट्याच्या डिस्प्लेकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हंजी पुढनं उठंल." हो. पुढनं उठंल. पुढे वजनं लावता येतात हे मी त्याला सांगितलं, पण मग त्याच २२ एचपीला तेही ओढायचं.

फेऱ्यांचं पण करून टाकलं, कारण खरा मुद्दा मामाच्या मनात तोच होता. ताशी तीन किलोमीटर, वळणं आणि अडणं धरून पाऊण वेळ कामाचा, चार फुटाने तासाला ०.६७ एकर, पाच फुटाने ०.८३. साडेसहा एकराला पावणेदहा तास विरुद्ध पावणेआठ. दोन तासांचा फरक, वर्षातून दोनदा. आणि दाट गवतात पाच फुटीला एक गिअर खाली यावं लागणार, म्हणजे तो फरकही कागदावरच. ट्रॅक्टरची मागची चाकं बाहेरून बाहेर ४२ इंच, स्लॅशर ४८, म्हणजे चाकाखाली दबलेलं गवत दोन्ही बाजूंना कव्हर होतं. स्लॅशर चाकांपेक्षा अरुंद असता तर मात्र मी स्वतःच नको म्हटलं असतं.

बाकीचे पर्याय पटापट. रोटाव्हेटर नको, उतारावर माती मोकळी केली की जूनमधे ती कल्याणच्या खाडीत, शिवाय आंब्याची वरची मुळं तुटतात. मल्चर, म्हणजे आडव्या रोलरवर छोटी छोटी पाती असतात तो, काम सुंदर करतो, दगड कमी उडवतो, गवताचा भुगा करतो, पण फुटामागे ताकद जास्त खातो, वजन जास्त, महाग, आणि आमच्या दगडात त्याची पाती बदलत बसायचं. द्राक्षबागेत, मऊ जमिनीत मी तोच घेतला असता. बाजूला सरकणारा स्लॅशर झाडाच्या घेराखाली घुसतो, ते बरं, पण या वजनाच्या ट्रॅक्टरवर एका बाजूला भार, नको. झाडाच्या बुंध्याजवळ ब्रश कटर आणि विळाच. वरच्या अडीच एकरावर स्लॅशर फिरवायचाच नाही, कारण गवतवाल्याला सरळ लांब काडी पाहिजे, पेंढी बांधायला, चिरडलेलं गवत तो फुकट सुद्धा उचलणार नाही.

दुकानात बघितलं काय

चार फूट ठरल्यावर रंग सोडून सगळं बघितलं. गिअरबॉक्सच्या पट्टीवर रेशो १:१.९३. म्हणजे पीटीओ ५४० तर पाती मिनिटाला १०४२ फेरे, चार फुटाच्या घेराला टोकाचा वेग सेकंदाला साडेपासष्ट मीटर, ताशी २३६ किलोमीटर. दुसरा एक मॉडेल स्वस्त होता, त्याचा रेशो १:१.४७, तो मोठ्या साइजला ठीक आहे पण चार फुटाला टोकाचा वेग ताशी १८० च्या आसपास येतो, कोवळं गवत कापण्यापेक्षा फाडणार. आमच्या ट्रॅक्टरला पीटीओचा दुसरा ७५० चा स्पीड पण आहे, तो लिव्हर चुकून पडला तर हेच टोक ताशी ३२७ ला जाईल, म्हणून मी तो लिव्हर तारेने बांधून टाकलाय.

पाती खिळीवर मोकळी झुलणारी, दगड लागला की मागे जाणारी. त्यांना चाकूसारखी धार नसते आणि करायचीही नाही, दीड-दोन मिलिमीटरची बोथट कडच टिकते. पाती जोडीनेच बदलायची, एकच बदललं की वजन बिघडतं, थरथर सुरू होते आणि पहिला बळी गिअरबॉक्सच्या खालच्या ऑइल सीलचा. पुढे-मागे दोन्हीकडे साखळ्यांचे पडदे, ते नसतील तर मशीन घेऊच नये. टॉप लिंकचा हलता जोड हाताने हलवून बघितला.

एका गोष्टीवर दुकानवाला आणि मी भांडलो. तो म्हणत होता स्लिप क्लचवाला शाफ्ट घ्या, बोल्टची कटकट नको. पुस्तकात तोच वरचढ आहे, प्लेटा घसरतात, धक्का खातात, परत पकडतात. पण आमच्याकडे जूनपासून चार महिने धो धो पाऊस, पत्र्याच्या शेडमधे दमट हवेत तो क्लच पडून राहणार, प्लेटा गंजून एकमेकींना चिकटणार आणि सप्टेंबरात तो बाहेरून क्लच दिसेल, आतून एकसंध गोळा. दर वर्षी त्याच्या स्प्रिंगा ढिल्या करून घसरवून मोकळा करावा लागतो, ते मामा करणार नाही, मामेभाऊ पहिल्या वर्षी करेल. तुटलेला बोल्ट निदान तुटलाय हे दाखवतो. म्हणून शिअर बोल्टच घेतला, पुस्तकात दिलेल्या ग्रेडचे २५ बोल्ट घेऊन पाण्याच्या बाटलीत भरून ट्रॅक्टरला बांधले, आणि मामाच्या पेटीतले त्याच मापाचे सगळे ८.८ मी ऐरोलीला घेऊन आलो. अजून माझ्याकडेच आहेत.

अनुदानाचं एका वाक्यात सांगतो, सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती हातात आल्याशिवाय बिल करू नका, आणि जुन्या मशीनला काही मिळत नाही.

शाफ्ट आम्ही दोघांनी अंगणात हॅकसॉने कापला. लिफ्ट वर-खाली करत शाफ्ट सरळ रेषेत येतो ती जागा शोधायची, तिथे अंतर सगळ्यात कमी, तेव्हा आतली नळी तळाला टेकता कामा नये, टेकली की सगळा दाब पीटीओच्या बेअरिंगवर. आणि सगळ्यात लांब असताना निदान एक तृतीयांश नळी एकमेकांत पाहिजे. आतली, बाहेरची आणि दोन्ही प्लास्टिकची कव्हरं सारखीच कापायची. पहिल्यांदा कमी कापला, परत काढला, परत कापला. मामी म्हणाली नवीन वस्तू आणून कापताय काय.

दोन सीझन

२०२४ च्या सप्टेंबरात पहिली कापणी. कापायच्या आधी मामाने आणि दोन गड्यांनी काठ्या घेऊन ओळी फिरून वारुळं आणि मोठे दगड शोधले, प्रत्येकावर चिंधी बांधलेली काठी. उंची चार इंच, पुढची कड मागच्यापेक्षा एक इंच खाली. पीटीओ कमी आरपीएमवर हळू चालू करायचा, मग इंजिन वर न्यायचं आणि मग गवतात शिरायचं, हे मामेभावाने लगेच उचललं. माझा अंदाज पावणेदहा तासांचा, लागले चौदा. दगडांनी आणि बांधांनी माझं गणित खाल्लं. तीन बोल्ट तुटले, त्यातला एक कुड्याच्या जुन्या खोडावर. डिसेंबरातली दुसरी कापणी अकरा तासांत झाली, एक बोल्ट. नवा स्लॅशर लावून काट्यावर परत गेलो होतो, पुढे २९०, काटा दहाच्या पटीत दाखवतो, म्हणजे जमलं.

एक प्रसंग लिहायलाच पाहिजे. पहिल्याच दिवशी लिंबाएवढा दगड साखळीखालून निसटून पंपाच्या खोलीच्या पत्र्याला लागला, चाळीस पावलांवर. पत्र्याला अंगठा जाईल एवढा पोचा. दहा मिनिटं आधी तिथे गुराख्याचा पोरगा शेळ्या घेऊन बसला होता. आता कापणी असली की मामा स्वतः शिट्टी घेऊन वरच्या बाजूला उभा राहतो, शंभर मीटरात कोणी नको, आणि मला सगळ्यात जास्त समाधान त्या शिट्टीचं आहे.

वणवा परत आला. २०२५ च्या मार्चात, वरच्या माळावरून. गवतवाल्याने त्या वर्षी अर्धाच माळ कापला होता, बाकीचं उभं. आग बागेत शिरली, वरच्या दोन ओळी भाजल्या, अकरा झाडं. तिसऱ्या ओळीपासून ज्वाळा गुडघ्याच्या वर गेल्या नाहीत, गड्यांनी ओल्या डहाळ्यांनी झोडपून विझवली. त्या दिवशी एक कळलं जे मला आधी कळायला पाहिजे होतं, स्लॅशरने कापलेलं गवत जागेवरच पडतं आणि वाळल्यावर तेही पेटतं, फक्त बुटकं पेटतं. जाळरेषा, म्हणजे आग अडवायचा पट्टा, तिथे नुसती माती दिसली पाहिजे. त्यामुळे आता डिसेंबरच्या कापणीनंतर माळाच्या कडेने तीन मीटरचा पट्टा दाताळ्याने ओढून साफ करतात, आणि गवतवाल्याला जानेवारीच्या आत माळ मोकळा करायची अट घातलीय. त्याने मान हलवलीय, बघू.

या सप्टेंबरात खालच्या ऑइल सीलपाशी थोडं ओलं दिसलं. उघडलं तर खताच्या गोणीची प्लास्टिकची दोरी शाफ्टला करकचून गुंडाळलेली, सील कापायला आलेली. ब्लेडने सोडवली, सील बदललं, ९० नंबर भरलं. बाटलीत १९ बोल्ट उरलेत. शेजाऱ्याने सहा फुटी आणलाय, ४५ एचपीला, आणि मामा दोनदा जाऊन बघून आलाय.